धाकट्या खारीचे कौन्सिलकर

दिनकरराव वकील मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले तेव्हा धाकट्या खारीत एकाही माणसाला मत नव्हतं. मत असायला सरकारात ठरावीक सारा भरावा लागे, आणि सारा भरायला जमीन नावावर असावी लागे. खारीतली सगळी जमीन मुंबईत राहणाऱ्या एका खोतांच्या नावावर होती. हे खोत दर सुगीला आपला कारभारी पाठवून अर्धं भात उचलून नेत आणि निवडणुकीला अलिबागेस येऊन दिनकररावांना मत देऊन जात. म्हणजे गावाचा आणि दिनकररावांचा कायद्याने काही एक संबंध नव्हता.

तरीही कौन्सिलाचं अधिवेशन संपलं की हा गृहस्थ भाऊच्या धक्क्यावरून बोट धरून रेवसला उतरायचा. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती, तिथे बायको जेवायची थांबलेली असायची. तिकडे न जाता ते टांगा करून आधी धाकट्या खारीत यायचे. मी तिथल्या शाळेवर मास्तर होतो. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि एक खुर्ची. मुलांना सुट्टी द्यायची, घराघरांत सांगावा धाडायचा आणि खुर्ची पुसून ठेवायची, एवढंच माझं काम. खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला मला हे सगळं थोतांड वाटलं होतं. मी त्यांना विचारलंही, "रावसाहेब, इथे तर मत कुणालाच नाही. तुम्ही घसा कशाला कोरडा करता?"

ते म्हणाले, "मत नाही म्हणून कान नाहीत असं थोडंच आहे, मास्तर?"

माणूस दिसायला अगदी सुमार. बुटका, पोटाने जरा सुटलेला, लांब काळा कोट, डोक्याला लाल पगडी, आणि बारा महिने तेरा काळ काखेत छत्री. चालताना पुटपुटत चालायचे. कोर्टात म्हणे त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे, म्हणून पक्षकार त्यांना मोठे खटले देत नसत. खारीतल्या लोकांनी त्यांचं आडनाव कधी विचारलंच नाही. नागावचा तो नागावकर, रेवसचा तो रेवसकर, तसा कौन्सिलातून येणारा तो कौन्सिलकर. गावाच्या हिशेबी कौन्सिल हेही रेवसच्या पलीकडचं एखादं बंदरच होतं, आणि तिथून आठा-बारा महिन्यांनी एक माणूस बातमी घेऊन येत होता. दिनकररावांना हे आडनाव कळलं तेव्हा ते इतके खूष झाले की अलिबागच्या वकिलांच्या खोलीत त्यांनी ते स्वतःच सांगायला सुरुवात केली. तिथे लोक हसले ते वेगळ्या कारणासाठी, पण ते यांच्या लक्षात आलं नाही.

त्यांची सांगायची एक रीत होती. उभे राहायचे, पगडी सारखी करायचे आणि म्हणायचे, "मंडळी, तिकडे इंग्रजीत भांडतो, इकडे मराठीत कबुली द्यायला आलोय. आधी कडू." आणि मग पहिल्याप्रथम जे झालं नाही ते सांगायचे. विहिरीला पैसे मागितले, मिळाले नाहीत. रेवसच्या रस्त्यावर खडी मागितली, साहेब म्हणाले पुढल्या साली बघू. कुळांच्या बाजूने एक बिल आणू पाहिलं, ते वाचायच्या आतच पडलं. हे सगळं ते अशा तपशिलाने सांगायचे की कोण काय बोललं, कोण झोपला होता, कोणी आपल्याला हसून घेतलं, सगळं यायचं. त्यानंतर जे झालं ते, म्हणजे चार वाक्यं. आणि शेवटी गावाच्या उपयोगाचं: क्विनाईनच्या पुड्या आता पोस्टात मिळतात, देवी टोचणारा कुठल्या महिन्यात येणार, अडलेल्या बाईला अलिबागच्या दवाखान्यात खाट मिळते आणि तिथे कुणी पैसे मागितले तर माझं नाव सांगा.

'आधी कडू' हे गावात म्हणीसारखं झालं होतं. नापास झालेलं पोर घरात शिरताना आईला "आधी कडू" म्हणायचं. सोयरीक मोडल्याचा निरोप घेऊन आलेला माणूस ओट्यावर बसायच्या आत तेच म्हणायचा. हसण्यावारी नेत असले तरी लोकांना त्यातलं मर्म बरोबर कळलं होतं. खोताचा कारभारी यायचा तो आधी गोड बोलायचा. तलाठी यायचा तोही. आधी कडू बोलणारा सरकारी माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

एकदा दिनकरराव सभेला उभे राहिले आणि अडले. म्हणाले, "छे, हे बरोबर नाही. सभा आहे, तर अध्यक्ष हवा. मी बोलायचं कोणाला उद्देशून?" कौन्सिलात अध्यक्षांकडे तोंड करून बोलायची सवय लागलेली. इकडेतिकडे बघितलं आणि गोमीबायला म्हणाले, "बाई, तुम्ही या खुर्चीत बसा." गोमीबाय म्हणजे गावातली सगळ्यांत खणखणीत जिभेची विधवा. चार बिघे खारजमीन एकटीच्या जिवावर कसत होती. ती कासोट्यानिशी खुर्चीत चढली आणि दोन्ही पाय वर घेऊन बसली.

दिनकरराव तिच्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "अध्यक्षमहाराज..."

"महाराज क म्हनतांव? मी बाय हाय," गोमीबाय म्हणाली. खोलीभर हशा पिकला.

"अध्यक्षबाई," त्यांनी न हसता दुरुस्ती केली, "विहिरीचा प्रश्न मी तीनदा मांडला."

"तीनदा मांडलाव, पानी कवा लागनार?"

"ते सरकारला माहीत."

"मंग सरकारला क नाय आनलंव तुमच्या संगती?"

त्या दिवसापासून खुर्ची गोमीबायचीच झाली. दिनकररावांनी ती गोष्ट कधी थट्टेवारी नेली नाही. तिच्या परवानगीशिवाय खाली बसत नसत. मला वाटतं, मुंबईच्या त्या मोठ्या दालनात त्यांना कुणी उलटून एक प्रश्नही विचारत नसावं, आणि इथे ही बाई त्यांना पुरतं उभं-आडवं घ्यायची, त्याचंच त्यांना सुख होतं.

दुसरी गोष्ट जोमा पाटलाच्या बैलाची. जोमा हा गावचा म्होरक्या. साठीचा, उंच, मोजकं बोलणारा. दिनकररावांनी एका खेपेला सांगितलं होतं की ढोरांचा सरकारी डॉक्टर आता अलिबागेस बसतो आणि तो फुकट औषध देतो. ही जागा त्यांनी स्वतः भांडून मिळवली होती, त्यामुळे ते जरा फुशारकीनेच सांगितलं. पुढे जोमाच्या बैलाचं पोट फुगलं. गावठी औषध करायचं सोडून जोमा बैल चालवत अलिबागेस घेऊन गेला. दवाखान्याला कुलूप. डॉक्टरची बदली झाली होती आणि जागा रिकामी होती. परतीच्या वाटेत बैल बसला तो उठला नाही.

पुढच्या खेपेला दिनकरराव आले ते उभे राहिल्याबरोबर म्हणाले, "आधी कडू. मी सांगितलं म्हणून जोमा पाटील अलिबागेस गेला. मी सांगितलं तेव्हा डॉक्टर होता, तो गेला तेव्हा नव्हता. मी चौकशी करून सांगायला हवं होतं, ती केली नाही. जोमा, तुझा बैल माझ्यामुळे मेला." आणि खरोखर हात जोडून उभे राहिले.

जोमा कसनुसा होऊन म्हणाला, "ऱ्हाव द्या, सायब. बैलाचा दिस भरला व्हता." बाहेर आल्यावर मात्र तो मला म्हणाला, "मास्तर, बैल गेला त गेला. पन चूक झाली म्हनून सांगाला येनारा मानूस मी बगला न्हवता. ह्यो मानूस खोटं बोलनार न्हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात नीट बसलं आहे. पुढे जे झालं ते या विश्वासातून झालं. दिनकरराव लबाड असते, निदान इतर पुढाऱ्यांसारखे अर्धेमुर्धे लबाड असते, तरी धाकटी खार आज जागेवर असती.

खार म्हणजे काय हे घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं. खाडीतून मातीचा बांध घालून सोडवलेली जमीन. बांधाच्या एका अंगाला धरमतरच्या खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शेतापेक्षा वर असतं. मधे फक्त ती माती. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, तिच्यात बिळं पाडतात, लाटा ती चाटून नेतात. म्हणून शिमगा झाला की घरटी एक माणूस बांधावर जायचा, खाडीतला चिखल कापून हातोहात वर द्यायचा आणि बांध लिंपायचा. बायका जेवण घेऊन जायच्या, गाणी व्हायची. गावाची ती वहिवाटच होती, आणि इतकी जुनी, की बांध कोणाचा हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

तो प्रश्न दिनकररावांना पडला. जुनी कागदपत्रं वाचायची त्यांना हौस. त्यांना आढळलं की बाहेरचा बांध राखायचा तो जमिनीच्या मालकाने, आणि त्यासाठीच म्हणून तो कुळांकडून भाताचा जास्तीचा वाटा घेत आला आहे. म्हणजे खोत वाटाही घेत होते आणि काम फुकटात कुळांकडून होत होतं. दिनकररावांनी हे कौन्सिलात विचारलं. ज्यांच्या मतांवर निवडून आले त्यांच्याच विरुद्ध विचारलं. अलिबागेत एका लग्नाच्या पंगतीत एका जमीनदाराने त्यांना सगळ्यांदेखत ऐकवलं, "वकीलसाहेब, मत आमचं आणि वकिली कुळांची, हे कुठलं गणित?" दिनकरराव जेवत होते. म्हणाले, "वाढप्याला यजमान सांगतो तसंच वाढावं लागतं, पण उपाशी कोण बसलंय ते त्याला दिसतं हो." त्या पंगतीनंतर आपण पुन्हा निवडून येत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. हातात होती ती मुदत तेवढीच, आणि तेवढ्यात हा बांधाचा निकाल लावायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं.

सरकारने पाहणीला इंजिनिअर पाठवला. तो आला वैशाखात. तोवर गावाने नेहमीप्रमाणे बांध लिंपून घोटून चकचकीत करून ठेवला होता. साहेब बांधावरून फिरला, बूटसुद्धा भिजला नाही. त्याने लिहून दिलं की बांध उत्तम आहे, तक्रारीला जागा नाही. खोतांचा कारभारी गालात हसत त्याच्यामागून चालत होता.

पुढल्या साली दिनकररावांनी पुन्हा पाहणी मंजूर करून आणली. शिमग्याच्या आधीच ते आले आणि गोमीबायची परवानगी घेऊन बोलायला उभे राहिले.

"अध्यक्षबाई, आधी कडू. गेल्या साली आपण हरलो ते आपल्याच हातांनी. रोग्याला न्हाऊमाखू घालून, गंधपावडर करून बसवलं, आणि वैद्य म्हणाला याला काही झालंच नाही. यंदा बांधाला हात लावू नका. उत्तरेकडचा जो तुकडा खचलाय तो तसाच दिसू दे. तुम्ही एकदा लिंपलात की खोत म्हणणार, बांध कुळांचाच आहे, ते राखतातच आहेत. साहेब चैत्रात येणार. त्याने डोळ्यांनी पाहिलं की लगेच बुजवा. खर्च खोताच्या माथी बसेल, आणि यंदापुरता नव्हे, कायमचा."

मग जोमा म्हणाला, "त्यो सायब नाय आला त?"

"येईल. त्याच्या फिरतीच्या कार्यक्रमात धाकटी खार छापून आली आहे."

"उधान काय छापलेलं वाचीत न्हाय, सायब."

"उधाण आषाढात. साहेब चैत्रात. मधे तीन महिने आहेत, जोमा."

जोमाने मान हलवली, पण होकार दिला नाही. तेव्हा गोमीबाय खुर्चीतून म्हणाली, "आरं, ह्या सायबानं आजवर आपल्याला काय खोटं सांगितलंय? बैल मेला तं सोता येऊन बोल्ला, माज्यामुलं मेला. तुमच्यातला कोन बोल्ला आसता? मी सांगतंय, हात नाय लावाचा." ती अध्यक्ष होती. ठरलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वकिलाचा युक्तिवाद पटण्यासारखा होता, आणि वहिवाट मोडून हक्क मिळतो हे मी पुस्तकांतून वाचलं होतं. शिमगा झाला. बांधावर कुणी गेलं नाही. लोकांना सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. संध्याकाळी माणसं बांधाच्या टोकाशी जाऊन त्या खचलेल्या तुकड्याकडे बघत उभी राहायची आणि हात न लावता परत यायची. एकदा दोन पोरगेलेसे गडी न राहवून चार ढेकळं टाकायला लागले, तर गोमीबायने त्यांना शिव्या देऊन हाकललं.

चैत्रात साहेब आला नाही. फिरती पुढे ढकलली असं कळलं. वैशाखात दिनकरराव स्वतः मोठ्या साहेबांना भेटून आले, आणि गावात येऊन म्हणाले, "ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात नक्की." त्या वेळी त्यांचा चेहरा उतरला होता. उभे राहून बोलले ते आधी कडू म्हणायचं विसरले. कुणीतरी आठवण केली तेव्हा कसंबसं हसले. ज्येष्ठ उजाडला तेव्हा साहेब रजेवर गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्याला धाकटी खार हे गाव आहे की माशाचं नाव, हे ठाऊक नव्हतं.

मग घाई झाली. दिनकररावांनीच माणूस पाठवून निरोप दिला, की आता थांबू नका, बुजवा. पण तोवर पाऊस धरला होता. बांधाला चिखल लागतो तो उन्हात वाळून घट्ट बसणारा. पावसात टाकलेला चिखल पेजेसारखा वाहून जातो. लोकांनी पेंढा टाकला, खारफुटीच्या फांद्या ठोकल्या, घरांची जुनी दारंसुद्धा आणून लावली. लावणी झाली. भात हिरवंगार उठलं. दिनकरराव कौन्सिलाच्या पावसाळी अधिवेशनाला पुण्यास गेले.

आषाढी अमावास्येला भर दुपारी बारा वाजता पूर्ण भरती होती. वारा पश्चिमेचा. मी मुलांना घरी सोडून बांधाकडे गेलो तेव्हा सगळा गाव शेतांच्या अलीकडच्या, आतल्या बांधावर उभा होता. खचलेल्या तुकड्यावरून आधी नुसती एक चकाकणारी धार आली. जोमा आणि चार-पाच जण तिच्यात उतरले, अंग टेकवून उभे राहिले. मग त्यांच्या पायांखालचीच माती सरकली आणि बैलगाडी सहज जाईल एवढी खांड पडली. माणसं हाताला धरून ओढून काढली. खाडी आत आली. ती काही गर्जना करत आली नाही. भाताच्या रोपांमधून सरळ चालत आली, आणि तिच्यासोबत बोई मासे उड्या मारत आले. लहान मुलं त्यांच्यामागे धावू लागली, त्यांना कुणी ओरडलंही नाही. गोमीबाय स्वतःच्या तुकड्याकडे बघत होती. पाणी शेंड्यांपर्यंत चढलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गेली माजी खार." आठवडाभरात भात पिवळं पडलं आणि कुजलं. अशी खारावलेली जमीन धुऊन गोड व्हायला चांगले तीन-चार पावसाळे लागतात, आणि तेही बांध धड असला तर.

दिनकरराव पुण्याहून खोपोली-पेण करत, धरमतरला होडीने खाडी उतरून, थेट आले. त्यांना वाटेत कळलं होतं. पोटऱ्यांपर्यंत चिखल, पगडी भिजून वाकडी झालेली. मला वाटलं होतं, आज यांना गाव उभं करणार नाही. पण सांगावा न धाडता सगळे शाळेत आले आणि आपापल्या जागी बसले. गोमीबाय खुर्चीत बसली. हे लोक हिशोब ऐकायला आले होते. ही रीत दिनकररावांनीच लावली होती.

दिनकरराव उभे राहिले. मग म्हणाले, "ठराव मंजूर झाला."

"कसला?" जोमाने विचारलं. त्याच्या छातीवर खरचटल्याचे ओरखडे होते.

"खारीचे बांध मालकाने राखावेत असा. मी मांडला. बहुमताने मंजूर झाला. अमावास्येच्याच दिवशी."

"म्हंजे बांध बांधनार?"

"म्हणजे शिफारस केली."

"कुनाला?"

"सरकारला."

"सरकार बांधनार?"

दिनकरराव खाली बघत म्हणाले, "सरकार विचार करणार."

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत, दोन-चार वेळा मारामाऱ्याही सोडवल्या आहेत. त्या दिवशी खोलीत शिवीगाळ झाली असती तर मी देवाचे आभार मानले असते. कुणी रागावलंच नाही. शेवटी गोमीबाय म्हणाली, "बरं. झालं त्ये झालं. आता आमी काय कराचा, त्ये सांगा."

आणि सगळी माणसं मान वर करून त्यांच्याकडे बघू लागली. जोमासुद्धा. ते अजूनही विचारत होते! दिनकररावांना ते सहन झालं नाही. ते मटकन खाली बसले, त्या खेपेला अध्यक्षांची परवानगी न घेता, आणि कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडले. मला त्यांची दया आली आणि संतापही आला. रडायचं होतं ते ज्यांची शेतं गेली त्यांनी, आणि ती माणसं बिचारी याला पाणी आणून देत होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही चांगलं नाही. दिनकररावांनी गावाच्या वतीने खोतांवर दावा लावला. खोतांचा वकील म्हणाला, बांध राखायची वहिवाट पिढ्यानपिढ्या कुळांची आहे, ती त्यांनी याच एका वर्षी मोडली, आणि त्यामुळेच नुकसान झालं. बांधावर हात लावू नका असं त्यांना कोणी सांगितलं, असं त्याने जोमाला साक्षीत विचारलं. जोमा दिनकररावांकडे न बघता म्हणाला, "कोनी नाय. आमीच नाय गेलो." दिनकरराव उभे राहून ओरडले, "मी सांगितलं! मी सांगितलं!" जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज कोर्टाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला. त्या कबुलीने दावा अधिकच कोसळला. निकाल विरुद्ध गेला. खोतांनी ती जमीन मिठागरवाल्याला दिली. त्याने पडलेली खांड मोठी करून पाणी रीतसर आत घेतलं. निवडणुकीत दिनकररावांना उभं करायलाही कुणी पुढे आलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रेवसच्या धक्क्यावर. माझी बदली महाडला झाली होती, आणि खारीतली काही घरं मुंबईला निघाली होती म्हणून मी निरोप द्यायला गेलो होतो. गोदीत नाहीतर गिरणीत, मिळेल ते काम करायचं म्हणून चाललेली माणसं. बोचकी, पातेली, एका टोपलीत कोंबड्या. जोमाने बायकोला सामानावर बसवलं होतं. गोमीबाय त्यांच्यात नव्हती. ती मिठागरावर रोजाने मीठ ओढायला लागली होती, तिच्याच चार बिघ्यांत.

दिनकरराव कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. पगडीच्या जागी साधी टोपी आली होती. लाँचवर चढायच्या फळीच्या तोंडाशीच ते उभे होते. लोकांनी रामराम केला, तसं त्यांना राहवेना. ते नेहमीच्या पुटपुटत्या आवाजात बोलायला लागले: "मुंबईत उतरलात की मस्जिदीच्या पुलाकडे एक धर्मार्थ दवाखाना आहे, तिथे औषध फुकट मिळतं. कामावर असताना हात-पाय तुटला तर मालकाने भरपाई द्यावी असा कायदा आहे, सहीचा अंगठा द्यायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि जोमा, तुझ्या नातवासाठी रात्रीची शाळा..."

जोमाने हातातलं बोचकं खाली ठेवलं आणि पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. त्याच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाची समजूत काढावी तसं तो म्हणाला, "सायब, पाया पडतंव तुमच्या. आता आमाला काय सांगू नका. तुमी सांगितलं का आमी आयकतांव."

आपण वाट अडवून उभे आहोत हे दिनकररावांच्या ध्यानात आलं, तसे ते फळीवरून बाजूला सरले, आणि माणसं एकेक करून लाँचमध्ये उतरली.